पूर्वरंगाला पुरावा म्हणता येत नाही

सांगलीच्या विश्रामबागेतील या सभेपुढे ठेवलेला विषय जुना आहे आणि तो नाजूकही मानला जातो. परंतु नाजूक म्हणून एखादा प्रश्न वर्षानुवर्षे बाजूला ठेवला की त्याच्याभोवती सौजन्याची जळमटे साचतात, आणि दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे न तपासता बाळगण्याची सोय होते. प्रश्न असा आहे की, यहुदी लोकांच्या प्राचीन धर्मग्रंथांत, म्हणजे ख्रिस्ती मंडळी ज्यांना जुना करार म्हणतात त्या ग्रंथसमूहात, संदेष्ट्यांनी सांगितलेली भाकिते येशूच्या चरित्रात पूर्ण झाली, एवढ्यावरून ख्रिस्ती धर्माची सत्यता सिद्ध झाली असे मानता येईल काय? अध्यक्षपदावरून दिले जाणारे उत्तर नकारार्थी आहे, आणि सभा संपता संपता ते गुळमुळीत होऊ नये म्हणून आरंभीच सांगितलेले बरे. मात्र या नकाराने ज्यांना आनंद होईल त्यांनी टाळ्या थोड्या राखून ठेवाव्यात, कारण त्यांच्या घरच्या ग्रंथाचीही पाळी पुढे येणार आहे.

हा वाद कृष्णाकाठाला परका नाही. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन 1829 साली मुंबईत आले आणि दोनच वर्षांत, 1831 मध्ये, मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. दांडेकरांनी आपला पक्ष ‘हिंदुधर्मस्थापना’ या पुस्तकात मांडला आणि विल्सन यांनी त्यावर पुढच्याच वर्षी खंडनग्रंथ छापला. या खंडनाला उत्तर मुंबईच्या पेठेतून आले नाही, ते छत्रपती प्रतापसिंहांच्या साताऱ्यातून आले. सातारचे नारायणराव यांनी ‘स्वदेशधर्माभिमानी’ लिहिले, आणि 1834 साली विल्सन यांना दुसरा खंडनग्रंथ काढावा लागला, तोही नारायणरावांचे नाव घेऊन. साताऱ्यात बसून मुंबईच्या विद्वान मिशनऱ्याला पुन्हा लेखणी उचलायला लावणाऱ्या या गृहस्थांचे नाव आज साताऱ्यातल्या किती जणांना ठाऊक असेल, हा प्रश्न तूर्त विचारण्यात अर्थ नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, विल्सन यांनी पुराणांना अंतर्गत विसंगतीची आणि ऐतिहासिकतेची कडक कसोटी लावली, आणि ती लावण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. परंतु ज्या मापाने मोजावे त्याच मापाने मोजून घ्यावे लागते, ही गोष्ट मत्तयाच्याच शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे.

तेव्हा आधी माप ठरवले पाहिजे. भाकीत हे प्रमाण ठरायचे असेल, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन म्हणून स्वीकारायचे असेल, तर ते घटनेपूर्वी लिहिलेले असावे लागते, हे सर्वांना मान्य असते. परंतु तेवढ्याने भागत नाही. त्या वाक्याचा जो अर्थ घटनेनंतर लावला जातो तो अर्थ घटनेपूर्वीही वाचणाऱ्याला लागत असला पाहिजे, घटना घडल्याची साक्ष भाकीत पाठ असलेल्या भक्ताखेरीज आणखी कोणाकडून मिळाली पाहिजे, आणि फळलेल्या भाकितांची मोजदाद करताना न फळलेल्यांचीही खतावणीत नोंद झाली पाहिजे. यांतील शेवटच्या अटीचा विसर गावच्या ज्योतिष्याला पडला तर माणसे हसतात, धर्मपंडिताला पडला तर मान डोलावतात.

आता या वादातले सर्वांत प्रसिद्ध वचन घ्यावे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायातील चौदाव्या वचनात एक स्त्री गर्भवती होऊन पुत्राला जन्म देईल आणि त्याचे नाव इम्मानुएल ठेवील, असे म्हटले आहे, आणि मत्तयाने पहिल्याच अध्यायात हे वचन येशूच्या कुमारीजन्माला लावले आहे. मूळ हिब्रू शब्द ‘अल्मा’ असा असून त्याचा अर्थ तरुण स्त्री एवढाच होतो. येशूच्या आधी झालेल्या ग्रीक भाषांतरात त्या जागी ‘पार्थेनॉस’, म्हणजे सामान्यतः कुमारी, हा शब्द आला, आणि मत्तयाने तोच पाठ घेतला. हा आक्षेप कोणा आधुनिक नास्तिकाने शोधून काढलेला नाही; दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन या ख्रिस्ती पंडिताने लिहिलेल्या संवादात त्रिफो नावाचा यहुदी हाच मुद्दा मांडतो. परंतु शब्दाच्या कोशार्थावर सगळा भार टाकणे ही या वादातली एक जुनी चूक आहे, कारण खरी अडचण शब्दात नसून प्रकरणात आहे. मीमांसकांनी वाक्याचा विनियोग ठरवण्याची जी सहा साधने सांगितली त्यांत प्रकरण, म्हणजे पुढचामागचा संदर्भ, हे एक आहे. यशयाच्या त्या अध्यायात यहूदाचा राजा आहाज भेदरलेला आहे, कारण अराम आणि इस्राएल यांचे राजे एकवटून यरुशलेमेवर चालून आले आहेत. हा प्रसंग इसवी सनापूर्वी सुमारे 735 चा. संदेष्टा राजाला चिन्ह देतो, आणि सोळाव्या वचनात स्पष्ट करतो की तो मुलगा बरेवाईट ओळखू लागण्यापूर्वीच त्या दोन राजांचा देश ओस पडेल. दारात शत्रू उभा असलेल्या राजाला सातशे वर्षांनी जन्मणाऱ्या बालकाचे चिन्ह देणे म्हणजे आग विझवायला पुढल्या पावसाळ्याचा वायदा करणे होय.

यावर ख्रिस्ती पंडितांचे उत्तर असे असते की, भाकिताची पूर्ती दुहेरी असते; एक जवळची, आहाजाच्या काळातली, आणि दुसरी दूरची, बेथलेहेमातली. हे उत्तर चतुर आहे. संस्कृत काव्यरसिकांना त्यात नवल वाटू नये, कारण कविराजाच्या ‘राघवपाण्डवीय’ काव्यात त्याच त्या श्लोकांतून एकदा रामाची आणि एकदा पांडवांची कथा निघते. परंतु तेथे श्लेष कवीने स्वतः योजलेला असतो आणि ग्रंथाच्या नावातच सांगितलेला असतो. यशयाच्या वाक्यात दुसरा अर्थ आहे हे यशयाने सांगितलेले नाही. तो अर्थ येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला दिसतो, आणि मग त्या अर्थाच्या आधारे येशूवर विश्वास ठेवावा असे सांगितले जाते. ज्या ठिकाणी दोन गोष्टी एकमेकींच्याच आधारावर उभ्या असतात त्या दोषाला न्यायशास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात.

मत्तयाच्या पहिल्या दोन अध्यायांत हा प्रकार वारंवार घडतो. मिसर देशातून पुत्राला बोलावल्याचे होशेयाचे वचन भविष्याविषयी नाहीच, ते इस्राएल लोकांच्या मिसरातून झालेल्या सुटकेची आठवण आहे. आणि मशीहाला नासोरी म्हणतील असे संदेष्ट्यांच्या तोंडचे म्हणून मत्तयाने जे दिले आहे, ते वाक्य आज उपलब्ध असलेल्या जुन्या करारात कोठेही सापडत नाही. बेथलेहेमाची गोष्ट निराळी, कारण मीखाच्या पाचव्या अध्यायात गावाचे नाव खरोखरच आहे. परंतु मत्तयाच्या कथेत येशूचे आईबाप मुळात बेथलेहेमातच दिसतात आणि नंतर नासरेथास जाऊन राहतात, तर लूकच्या कथेत ते नासरेथचे असून खानेसुमारीसाठी बेथलेहेमास येतात. ती खानेसुमारी सुरियाचा सुभेदार क्विरीनिय याच्या काळची म्हटली आहे, जी इसवी सन 6 मध्ये झाली, आणि मत्तयाच्या कथेतला हेरोद राजा तर त्यापूर्वी सुमारे दहा वर्षे मरण पावला होता. दोन साक्षीदार मुक्कामाच्या गावावर एकमत आणि तिथवरच्या वाटेवर दुमत दाखवू लागले की, गाव आधी ठरलेले होते काय, अशी शंका कोणत्याही न्यायाधीशाला येईल. घटनेने भाकीत पुरे केले की भाकिताने घटनेची गोष्ट घडवली, हे अशा ठिकाणी वेगळे करता येत नाही, आणि जे वेगळे करता येत नाही त्याला प्रमाण म्हणता येत नाही.

या पक्षाचे सर्वांत बळकट ठाणे मात्र टाळून पुढे जाणे भ्याडपणाचे होईल. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात इतरांच्या अपराधांसाठी यातना सोसणाऱ्या, मुकाट्याने वधाला नेल्या जाणाऱ्या एका सेवकाचे वर्णन आहे, आणि ते वाचताना क्रुसाची आठवण होऊ नये असा वाचक विरळा. 1947 साली मृत समुद्राजवळ कुमरान येथील गुहेत सापडलेल्या यशयाच्या संपूर्ण गुंडाळीने हा पाठ येशूपूर्वीचा आहे हेही निर्विवाद केले, तेव्हा मागाहून लिहिल्याचा आरोप येथे चालत नाही. तरीही याच ग्रंथाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात त्या सेवकाला इस्राएल या नावाने हाक मारली आहे, यहुदी परंपरेतल्या मोठ्या प्रवाहाने तो सेवक म्हणजे देशोधडीला लागलेले आपले राष्ट्रच मानले आहे, आणि वर्णन भूतकाळी क्रियापदांत आहे. साम्य विलक्षण आहे, एवढे मान्य करावे. परंतु येशूच्या मृत्यूचा अर्थ लावण्यासाठी पहिल्या शिष्यांनी जो ग्रंथ उघडला तो हाच होता, आणि कपडा ज्या अंगाच्या मापाने बेतला त्या अंगाला तो बसला, याचे आश्चर्य किती मानायचे, हा प्रश्न उरतोच.

खतावणीची दुसरी बाजूही त्याच करारात आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर सोर हे बंदर उद्ध्वस्त करील असे यहेज्केलाने सव्विसाव्या अध्यायात सांगितले, आणि एकोणतिसाव्या अध्यायात त्याच संदेष्ट्याने प्रांजळपणे नोंदवले की एवढे श्रम करूनही राजाला आणि त्याच्या सैन्याला सोराकडून मोबदला मिळाला नाही, म्हणून त्याला आता मिसर देश दिला जाईल. इसवी सनापूर्वी 332 मध्ये सिकंदराने सोर जिंकले, हे दाखवून भाकीत वाचवण्याचा प्रयत्न होतो. परंतु नावानिशी एकाचे भाकीत करून दुसऱ्याच्या खाती जमा करण्याची ही पद्धत कोणत्याही सावकाराने मान्य केली नसती. यहेज्केलाचा प्रामाणिकपणा त्याच्या वकिलांपेक्षा मोठा आहे.

आता राखून ठेवलेल्या टाळ्यांचा विचार. भविष्यपुराणाच्या प्रतिसर्गपर्वात राजा शालिवाहनाला हिमालयाच्या परिसरात शुभ्रवस्त्रधारी, गौरवर्ण असा एक पुरुष भेटतो, जो स्वतःला ईशपुत्र आणि कुमारीच्या पोटी जन्मलेला म्हणवतो. हा प्रसंग काही ख्रिस्ती प्रचारक हिंदू ग्रंथाचीच साक्ष म्हणून वापरतात, आणि काही हिंदू अभिमानी तोच प्रसंग पुराणाच्या त्रिकालज्ञानाचा दाखला म्हणून सांगतात. म्हणजे भांडणारे दोघेही एकाच खोट्या नाण्यावर व्यवहार करतात. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्यातून 1897 साली प्रसिद्ध झालेल्या या पुराणाच्या त्याच पर्वात आदम आहे, अकबर आहे, इंग्रज आणि त्यांची राणी आहे, कलकत्ता आहे, आणि संस्कृत श्लोकात बसवलेले संडे, फेब्रुवारी आणि सिक्स्टी हे शब्दही आहेत. ज्या ऋषीला फेब्रुवारी ठाऊक होता त्याचा काळ ठरवण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. मत्तयाच्या होशेयावर हसणाऱ्याने आधी या श्लोकांची व्यवस्था लावावी, आणि कल्कीचे भाकीत आपल्या आवडत्या पुरुषाला लावण्याची जी हौस गेली कित्येक वर्षे वेगवेगळ्या पंथांत चालू आहे तिचीही लावावी.

मग मत्तयाने जे केले ते काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कीर्तनात आहे. कीर्तनकार पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचे निरूपण करतो आणि उत्तररंगात एखादे आख्यान लावून त्या अभंगाचा अर्थ श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभा करतो. तुकोबांच्या अभंगाला हरिश्चंद्राचे आख्यान चपखल बसले म्हणून तुकोबांनी हरिश्चंद्राचे भाकीत केले असे बुक्का लावून बसलेला कोणताही श्रोता म्हणत नाही, आणि भाकीत नव्हते म्हणून कीर्तन फसवे होते असेही म्हणत नाही. कुमरानच्या पंथानेही हबक्कूक संदेष्ट्याचे वचन न् वचन आपल्या काळच्या घडामोडींना लावून दाखवले आहे. प्राचीन वचनात वर्तमान वाचण्याची ती त्या काळची मान्य रीत होती. मत्तय हा यहुदी श्रोत्यांपुढे उभा असलेला कीर्तनकार आहे. त्याच्या अंगावर वकिलाचा झगा घालण्याचे काम नंतरच्या पंडितांनी केले, आणि त्यातला एक झगा विल्सन यांच्या पेटीतून मुंबई बंदरात उतरला.

मराठी ख्रिस्ती परंपरेतील थोर माणसे या वाटेने ख्रिस्ताकडे गेलीच नाहीत. पंडिता रमाबाई पुराणे सांगत देश हिंडलेल्या आईबापांची लेक. ग्रंथातून हवा तो अर्थ कसा काढतात हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती, आणि पुढे बायबलाच्या मराठी भाषांतरासाठी त्या हिब्रू व ग्रीकही शिकल्या. त्यांच्या मनाची पकड घेतली ती इंग्लंडात पतित म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चाललेल्या सेवेने आणि योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीच्या कथेने. नारायण वामन टिळकांचे उदाहरण याहून बोलके आहे. 1893 साली राजनांदगावच्या वाटेवर रेल्वेत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे सांगितले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे टिळकांच्या चरित्रात एक भाकीत खरोखर फळले. परंतु सांगणाऱ्यानेच पुस्तक हातात दिले होते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ते वाक्य घर करून राहिले असणार. बी पेरून अंकुराचे भविष्य सांगणाऱ्या शेतकऱ्याला कोणी संदेष्टा म्हणत नाही. शिवाय टिळकांना खिळवून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने. ते प्रवचन मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सुरू होते, आणि ओळीने वाचणाऱ्याला यशया, मीखा, होशेय ही सगळी मंडळी आधीच्या अध्यायांत भेटून गेलेली असतात. टिळक त्यांच्यावरून पुढे गेले. 1917 साली त्यांनी साताऱ्यात, नारायणरावांच्याच गावी, ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ उभारला, तेव्हा प्रवेशासाठी दानीएल संदेष्ट्याच्या भाकितातील सत्तर सप्तकांचे गणित कोणाला सोडवावे लागत नव्हते.

येथे ख्रिस्ती बांधवांनी घाईने निःश्वास सोडू नये. विश्रामबागेपासून हाकेच्या अंतरावर मिरजेत मिशनरी डॉ. वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या रुग्णालयाने करुणेचा जो पुरावा दिला तो करुणेचाच आहे. त्यावरून येशूच्या पुनरुत्थानाविषयी काही सिद्ध होत नाही, तसे ते होते असे म्हणणारा हा मीखाच्या जागी मिरज ठेवतो, एवढाच फरक. श्रद्धा ठेवणाऱ्याने ती श्रद्धा म्हणून ठेवावी, तिला साक्षीपुराव्याच्या कायद्याचे कपडे चढवू नयेत, कारण मग उलटतपासणीलाही उभे राहावे लागते.

या भाषणाचे खंडन करण्यासाठी सभेत काही वक्ते उठणार आहेत, आणि त्यांना तो अधिकार आहे. अध्यक्षांची अट एकच: बोलण्यास आरंभ करण्यापूर्वी त्यांनी यशयाचा सातवा अध्याय पहिल्या वचनापासून, सोळावे वचन न गाळता, सभेला मोठ्याने वाचून दाखवावा. त्या वाचनाचा वेळ त्यांच्या भाषणाच्या वेळातून कापला जाणार नाही.