परमुलखातले आजारपण
(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, चूल आणि मूल सांभाळणारी बाई. भाषणाची मला सवय नाही. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला तो प्रसंग सांगितला होता ना, तोच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

आपल्या झरपटीचे पाणी इरईत जाते, इरईचे वर्धेत. पुढे वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याच्या पलीकडे कालेश्वरापाशी गोदावरीला मिळते. गुरू मीन राशीत आला की बारा वर्षांनी प्राणहितेचा पुष्कर येतो. तो 2022 च्या एप्रिलात 13 ते 24 तारखेपर्यंत होता. आम्ही घरच्या आणि शेजारच्या सात जणी जीप करून आलापल्लीच्या जंगलातून सिरोंच्याला गेलो आणि पूल ओलांडून कालेश्वरला पोचलो. नदी ओलांडली की राज्य बदलते, तेलंगण लागते. पाट्या तेलुगू, बोलणे तेलुगू. आपल्याच नदीच्या काठी मी परकी झाले!

पहाटेपासून माझे डोके जड होते. पण सगळ्यांच्या आनंदात आपले दुखणे कशाला काढावे, म्हणून बोलले नाही. बायकांची ही जुनी खोड आहे. स्नान झाले. कालेश्वराच्या देवळात एकाच शाळुंकेवर दोन लिंगे आहेत, एक शिवाचे आणि एक यमाचे. त्या दर्शनाची रांग फार लांब होती. मी म्हटले, "तुम्ही व्हा पुढे, मी जरा सावलीत बसते." माझी पिशवी आणि फोन नणंदबाईंजवळच राहिला.

थोड्या वेळाने घाम यायचा थांबला, अंग तव्यासारखे तापले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. उलटी झाली ती अंगावरच. येणारीजाणारी माणसे बाजूने निघून जात होती. तेवढ्यात समोर बांगड्या विकायला बसलेली एक बाई दुकान तसेच उघडे टाकून धावत आली. तिने माझ्या डोक्यावर, मानेवर पाणी ओतले, ओले फडके काखेत ठेवले आणि पुठ्ठ्याने वारा घालत राहिली. मला शुद्ध नीट नव्हती, म्हणून तिने तोंडात पाणी घातले नाही. ते शहाणपण होते, हे मला मागाहून डॉक्टरांनी सांगितले. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "भयपडकु अम्मा." त्यातला 'भय' शब्द मला कळला. मी तिचा हात सोडला नाही.

तिने दोघा माणसांना हाक मारून मला हातगाडीवर घातले आणि दवाखान्याच्या मंडपात नेले. सलाईन लागले. आडोसा करून तिने माझे भरलेले लुगडे काढले आणि आपल्या गाठोड्यातले नेसवले. मी कशीबशी नाव आणि 'चंद्रपूर' एवढे बोलले. ते भोंग्यावरून पुकारले, तेव्हा नणंदबाई रडत आल्या. मी पैसे पुढे केले, तर त्या बाईने माझी मूठ मिटली आणि ती आपल्या दुकानाकडे निघून गेली. मी तिचे नावसुद्धा विचारले नाही. ते लुगडे अजून माझ्या पेटीत आहे. परत कुणाला करू?

आता जे सांगायचे ते मला जड जाते. 2019 च्या चैत्रात महाकालीच्या यात्रेला आलेली एक तेलुगू बाई माझ्या ओसरीवर येऊन बसली होती. अंगात ताप दिसत होता. मी तांब्याभर पाणी दिले. पण घरी पाहुणे जेवायचे होते. "पुढे धर्मशाळा आहे," असे म्हणून मी दार लावून घेतले. ती पुढे कशी गेली, हे मी पाहिले नाही. कालेश्वरच्या मंडपात पडल्या पडल्या मला तीच दिसत होती.

भगिनींनो, खऱ्या परदेशाची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. आनंदीबाई जोशी 1883 साली जहाजाने अमेरिकेला गेल्या. तिथल्या कार्पेंटरबाईंनी एका मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले होते. एवढ्या ओळखीवर त्यांनी या मुलीला आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी मानीत. थंडी मानवेना, प्रकृती ढासळत गेली, तरी त्या 1886 साली डॉक्टर झाल्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची बावीस वर्षेही पुरी नव्हती. त्यांच्या अस्थी त्या मावशीने आपल्या घराण्याच्या स्मशानभूमीत ठेवून घेतल्या. रक्ताचे नाते कुठे होते?

असो. नुसते डोळे पुसून काय उपयोग? प्रवासाला निघताना नाव, गाव, घरचा फोन आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी पोलक्यात ठेवावी. बरे वाटत नसेल तर लाजू नये, बोलावे. ऊन लागून घाम थांबला, बोलणे बरळल्यासारखे झाले तर अंग गार करावे आणि 108 ला फोन करावा. हा नंबर इथे चालतो, तेलंगणातही चालतो. माणूस शुद्धीवर असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, घालून घोटघोट पाजावे.

आणि एक मागणे आहे. येत्या चैत्रात यात्रेच्या दिवसांत आपल्यापैकी ज्यांची घरे वाटेवर आहेत, त्यांनी ओसरीवर एक रांजण, एक बाज आणि साखरमिठाचा डबा ठेवावा. वर्गणी नको. पहिली ओसरी माझी लिहून घ्या. त्या बांगडीवाल्या बाईला मी काही परत करू शकत नाही. पण तिच्या मुलखातली एखादी दमलेली बाई माझ्या दाराशी आली, तर तिला काय म्हणायचे ते मला आता येते : "भयपडकु अम्मा."