इतिहासाची प्रवेशपरीक्षा आणि आमची चूक

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी गुणगौरव समारंभाच्या वेळी एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस येथे चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. वस्तुतः आमचे शिक्षण बेताचे. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन आम्ही अध्यापनाची पदविका घेतली आणि पुढची सारी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना शिकविण्यात घालविली. विद्यापीठाची पायरी आम्ही विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. असे असता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेविषयी आम्ही बोलावे, हे काहींस विचित्र वाटेल. परंतु या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आहे. तिचे प्रायश्चित्त म्हणूनच आम्ही हा विषय निवडला आहे.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या इतिहासात हुशार. बारावीला तिला त्या विषयात चौऱ्याण्णव गुण मिळाले. मागील वर्षी याच व्यासपीठावर तिचा नारळ व पुष्पगुच्छ देऊन सत्कार झाला, हे आपणांपैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. तिला दिल्लीस जाऊन इतिहास विषय घेऊन बी. ए. करण्याची इच्छा होती. २०२२ सालापासून दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ इत्यादी केंद्रीय विद्यापीठांतील पदवीचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत नाहीत. त्यासाठी सीयूईटी या नावाची सामायिक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. मुलगी आमच्याकडे आली व म्हणाली, "काका, तयारी कशी करू?" आम्ही मोठ्या ऐटीत उत्तर दिले, "बारावीचे पुस्तक पाठ आहे ना? तेच पुन्हा दोन वेळा कर. इतिहास म्हणजे सनावळ्या. त्या तोंडपाठ असल्या की जगातली कोणतीही परीक्षा जिंकता येते."

२०२५ च्या उन्हाळ्यात तिने परीक्षा दिली. घरी आली ती पडलेल्या चेहऱ्याने. म्हणाली, "काका, जे विचारले त्यातले पुष्कळसे आमच्या पुस्तकात नव्हतेच." दिल्लीचा प्रवेश हुकला. आज ती गावाजवळच्या महाविद्यालयात शिकत आहे. तिने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. म्हणूनच तो दोष आमच्या मनातून जात नाही.

चूक कोठे झाली, याचा शोध आम्ही मागाहून घेतला. तो आधी घ्यावयास हवा होता. या परीक्षेचा इतिहासाचा अभ्यासक्रम एन. सी. ई. आर. टी. या केंद्रीय संस्थेच्या बारावीच्या पुस्तकांवर आधारलेला आहे. ही पुस्तके तीन भागांत आहेत. त्यांत हडप्पा संस्कृतीपासून आरंभ होतो. मग मौर्य व सातवाहन, महाभारतकालीन समाज, सांचीचा स्तूप, परदेशी प्रवासी, भक्ती व सूफी परंपरा, विजयनगर, मुघलकालीन शेतकरी व जमीनदार, इंग्रजी अमदानीतील खेडी, १८५७ चा उठाव, महात्मा गांधींचे आंदोलन आणि अखेरीस राज्यघटनेची निर्मिती असा क्रम आहे. उलट आपल्या राज्य मंडळाचे २०२० साली आलेले बारावीचे पुस्तक युरोपातील प्रबोधनापासून सुरू होते आणि वसाहतवाद, महायुद्धे, शीतयुद्ध असे पुढे जाते. हडप्पा, मौर्य, विजयनगर हे विषय आपल्याकडे अकरावीस होते. अकरावीचे वर्ष आपली मुले कसे काढतात, हे पालकांस सांगावयास नको. सारांश, आपले पुस्तक वाईट नाही, परंतु या परीक्षेचा रस्ता त्यावरून जात नाही. चौऱ्याण्णव गुणांची मुलगी तेथे अडखळली, कारण तिला मार्ग दाखविणाऱ्याने मार्ग पाहिलेलाच नव्हता.

आता परीक्षेचे स्वरूप थोडक्यात सांगतो. २०२५ साली इतिहासाच्या पेपरात पन्नास प्रश्न होते व ते सर्व अनिवार्य होते. वेळ साठ मिनिटे, म्हणजे एका प्रश्नास बहात्तर सेकंद. प्रत्येक प्रश्नास चार पर्याय. बरोबर उत्तरास पाच गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. हा वजा होणारा गुण ऐकून मुले घाबरतात. आम्ही गणिताचेही शिक्षक होतो, म्हणून हिशेब मांडून पाहिला. चार प्रश्नांची उत्तरे डोळे मिटून दिली, तर सरासरीने एक बरोबर येईल व तीन चुकतील. पाच मिळाले, तीन गेले, दोन उरले. याचा अर्थ प्रश्न कोरा सोडण्यात लाभ नाही, आणि दोन पर्याय निश्चित चुकीचे म्हणून बाजूस काढता आले तर उरलेल्या दोहोंतून निवड करणे अधिकच फायद्याचे. तथापि केवळ अंदाजावर पन्नासही प्रश्न सोडविणाऱ्याच्या पदरी सरासरीने अडीचशेपैकी पंचवीसच गुण पडतील. नशीब एवढेच देते. बाकीचे अभ्यासाने मिळवावे लागते.

परीक्षा मराठीतूनही देता येते. तेरा भाषांत ती घेतली जाते आणि त्यांत मराठी आहे. परंतु ती मूळ पुस्तके मराठीत नाहीत. ती हिंदी, इंग्रजी व उर्दू भाषांत आहेत. आपल्या मुलांनी हिंदी प्रत घ्यावी, असे आम्ही सुचवितो. ती संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. वाचताना शेजारी एक वही ठेवावी आणि प्रत्येक प्रकरणाचे टिपण स्वतःच्या मराठीत लिहावे. आपल्या भाषेत लिहिता आले, तरच ते समजले असे मानावे. अलीकडच्या वर्षांत त्या पुस्तकांतील काही प्रकरणे वगळली गेली आहेत. म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका व अभ्यासक्रम समोर ठेवूनच आरंभ करावा.

आता मुख्य मुद्दा. सनावळ्या पाठ करा, असे आम्ही आयुष्यभर सांगत आलो. सनावळ्या हव्यातच. घटना कालक्रमाने लावा, असे प्रश्न या परीक्षेत येतात. परंतु सन लक्षात राहतो तो कारणाच्या दोरीने बांधला तर. प्लासीची लढाई १७५७, कायमधारा पद्धती १७९३, संथाळांचे बंड १८५५. हे आकडे सुटे पाठ केले तर आठवड्यात विसरतात. लढाईने बंगालची सत्ता हाती आली, सत्तेमुळे सारा ठरविण्याचा अधिकार आला, साऱ्याच्या व कर्जाच्या ओझ्याखाली जमीन जाऊ लागली आणि शेवटी माणसे उठली, असे समजून घेतले तर क्रम चुकणे शक्य नाही.

परंतु याहूनही महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. त्या पुस्तकांत प्रत्येक प्रकरणी एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला आहे : हे आपणांस कशावरून कळले? लेख, नाणे, खापर, प्रवासवर्णन, सरकारी अहवाल, यांपैकी पुरावा कोणता, तो कोणी निर्माण केला व कोणासाठी? बर्निये हा फ्रेंच वैद्य सतराव्या शतकात हिंदुस्थानात आला. येथे जमिनीवर खासगी मालकी नाही, असे त्याने लिहिले. ते वाचून विद्यार्थ्याने एवढ्यावरच थांबू नये. हा मनुष्य आपल्या देशातील वाचकांसाठी लिहीत होता आणि पदोपदी युरोपशी तुलना करीत होता, हेही त्याने ध्यानी घ्यावे.

याचे आपल्या मातीतील उदाहरण देतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासचे कुणबी जमले. त्यांनी सावकारांकडे खतावण्या व कर्जरोखे मागितले आणि हाती आलेले कागद जाळून टाकले. काही ठिकाणी धान्याची दुकाने लुटली गेली व घरांस आगी लागल्या. लोण नगर जिल्ह्यापर्यंत पसरले. यांसच दख्खनचे दंगे म्हणतात. यामागची साखळी पाहा. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि तेथून विलायतेस जाणारा कापूस बंद पडला. आपल्याकडील कापसास भाव आला व शेतकऱ्यास कर्ज सहज मिळू लागले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, पत आटली आणि अशाच वेळी सरकारने सारा वाढविला. रोख्याची मुदत तीन वर्षांची ठरविणारा १८५९ चा कायदा रयतेच्या रक्षणासाठी होता. परंतु दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊन थकलेले व्याज मुदलात मिळविण्याची युक्ती निघाली. कागद रयतेस वाचता येत नव्हता. अंगठा मात्र तिचाच होता.

पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला व त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. त्यात साक्षी आहेत, आकडे आहेत, दरपत्रके आहेत. इतिहासाच्या अभ्यासकास तो खजिनाच होय. परंतु सरकारी सारा हे दंग्याचे कारण होते काय, या प्रश्नास आयोगाने नकारार्थी उत्तर दिले आणि दोष सावकारांच्या माथी मारला. येथे विद्यार्थ्याने थबकले पाहिजे. अहवाल कोणाचा? सरकारचा. मग सरकार स्वतःस दोषी ठरवील काय? म्हणून अहवाल फेकून द्यावयाचा नाही. तो इतर पुराव्यांशी ताडून पाहावयाचा. त्या जळालेल्या वहीच्या एका बाजूस आपल्यापैकी काहींच्या पणजोबांची नावे असतील, काहींची दुसऱ्या बाजूस. दोन्ही बाजू समजून घेणे, हाच इतिहासाचा अभ्यास.

मित्रहो, महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेत सिद्ध झाली. १९१९ साली काम सुरू झाले. विष्णु सीताराम सुखठणकरांनी त्यास शिस्त घालून दिली आणि १९६६ साली ते पूर्णत्वास गेले. देशभरातील हस्तलिखिते जमवून, श्लोक श्लोकाशी ताडून, विद्वानांनी सत्तेचाळीस वर्षे खर्ची घातली. दिल्लीचा विद्यार्थी त्या कार्याची हकीकत पुस्तकात वाचतो. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे आणि सातवाहन राजे आईच्या नावाने का ओळखले जात, हा प्रश्न त्या पुस्तकात चर्चिला आहे. हे सारे आपल्या अंगणातले. आपल्याच मुलांनी त्यात मागे राहावे, हे मनास लागते.

आणखी एक गोष्ट, थोडी भीत भीत, सांगतो. आपल्या ज्ञातीच्या उत्पत्तीची कथा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. अभिमान असावा. परंतु उद्या एखाद्या मुलाने, "आजोबा, हे कशावरून?" असे विचारले, तर त्याच्यावर रागावू नये. त्यास माळ्यावरची पेटी उघडून द्यावी. जुने खरेदीखत, मोडीतील वही, लग्नाची पत्रिका, जे निघेल ते त्याच्यापुढे ठेवावे आणि हे कोणी, केव्हा व कशासाठी लिहिले, हे शोधावयास सांगावे. प्रवेशपरीक्षेची याहून चांगली तयारी घरात होणार नाही.

"इतिहास शिकून भाकरी मिळते काय?" असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. आम्ही एवढेच म्हणू की, मिळालेला कागद तपासून पाहणारा मनुष्य शिक्षक होवो, वकील होवो, अधिकारी होवो की दुकानदार, सहसा फसत नाही. सुप्याच्या रयतेजवळ नेमके हेच नव्हते.

शेवटी दोन विनंत्या. मंडळाने त्या तीन भागांचे पाच संच घेऊन ग्रंथालयात ठेवावेत. त्यांचा खर्च आमच्या निवृत्तिवेतनातून करण्याची परवानगी मिळावी. दुसरी अशी की, दर रविवारी सकाळी दोन तास मंडळाचे सभागृह मोकळे असावे. आम्ही तेथे बसू. शिकवू असे म्हणत नाही, कारण आम्हांसही ती पुस्तके प्रथमच वाचावयाची आहेत. मुलांबरोबर वाचू.

आमच्या पुतणीने पुन्हा परीक्षेस बसण्याचे ठरविले आहे. पहिल्या रविवारी येण्याचे तिने कबूल केले असून, "काका, या वेळी अभ्यासक्रम मी आधी वाचते, मग तुम्हांला सांगते," असे तिने बजाविले आहे. आम्ही ते आनंदाने मान्य केले आहे. आपणही आपली मुले पाठवावीत, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.