कलावंतांचे तारू

कलावंताला काम करण्यासाठी एकांत हवा, मनाला स्वस्थता हवी आणि डोक्यावर छप्पर हवे, ही समजूत फार जुनी आहे. पूर्वी ही तजवीज राजेरजवाडे करीत. विसाव्या शतकात ती संस्था करू लागल्या. अमेरिकेच्या न्यू हँपशर संस्थानात संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्यांची पत्नी मेरियन यांनी १९०७ साली आपल्या शेतावर कलावंतांची एक वसाहत उघडली. रानात दूरदूर कुट्या, प्रत्येक कुटीत एक लेखक, चित्रकार किंवा संगीतकार, आणि दुपारचे जेवण टोपलीतून दाराशी आणून ठेवावयाचे, म्हणजे कामात खंड नको. कलानिवास म्हणतात तो हा. कलावंताला कोणी हटकू नये, एवढ्या एका सूत्रावर त्याची सारी व्यवस्था उभी असते.

अलीकडे या कल्पनेला एक विलक्षण शाखा फुटली आहे. तीत निवासाचे घरच पाण्यावर तरते. शिडाचे जहाज, निर्जन बेटे, आणि जहाजावर वीस-तीस चित्रकार, कवी व संगीतकार, असा हा थाट असतो. येथे एकांत मिळत नाही, कारण अरुंद खोलीत दोघांना दाटीने निजावे लागते. स्वस्थताही मिळत नाही, कारण शिडे चढविताना दोर ओढावयास हात पुढे करावा लागतो. ज्या सोयींसाठी कलानिवास निर्माण झाला, त्या सर्व येथे बाजूला ठेविलेल्या. मग कलावंत तेथे जातात तरी कशासाठी?

ही रीत दिसते तितकी नवी नाही. अठराव्या शतकात कॅप्टन कुक पॅसिफिक महासागराच्या शोधास निघाला, तेव्हा त्याच्या जहाजावर चित्रकार असत. पहिल्या सफरीत चित्रकार म्हणून गेलेल्या दोघांपैकी एकही परतला नाही. अलेक्झांडर बुकन १७६९ साली ताहिती बेटावर वारला, आणि सिडनी पार्किन्सन १७७१ च्या जानेवारीत परतीच्या वाटेवर समुद्रातच निवर्तला. तरीही दुसऱ्या सफरीसाठी विल्यम हॉजेस हा अवघ्या सत्तावीस वर्षांचा चित्रकार तयार झाला. १७७२ च्या जुलैत ‘रेझोल्यूशन’ जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघाले, ते तीन वर्षांनी परत आले. लेखी वर्णनाने ज्याची पुरती कल्पना येत नाही, ते चित्राने दाखवावे, अशी हॉजेसला सरकारी आज्ञा होती. हाच हॉजेस पुढे १७८० साली हिंदुस्थानात आला आणि गंगेकाठची शहरे, घाट व किल्ले त्याने रंगविले.

‘रेझोल्यूशन’ने १७७३ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले. मनुष्याचे जहाज त्या रेषेपलीकडे गेल्याची ती पहिलीच नोंद. त्याच सुमारास खलाशी होड्यांतून हिमनगांचे तुकडे गोळा करून आणीत आणि ते वितळवून गोडे पाणी करीत. हॉजेसने तो देखावाही रेखाटला आहे. समुद्र खारा, पण त्यात तरंगणारा बर्फ गोडा, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि तहानलेल्या जहाजावर अनुभवणे वेगळे.

आजच्या तरत्या कलानिवासांची मुख्य वाट याच्या उलट दिशेला, उत्तरेकडे जाते. नॉर्वे आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. त्याची निम्म्याहून अधिक भूमी हिमनद्यांखाली दडलेली आहे. उन्हाळ्यात तेथे सुमारे चार महिने सूर्य मावळत नाही, आणि हिवाळ्यात तितकाच दीर्घ काळ तो तोंड दाखवीत नाही. डेव्हिड बकलंड या इंग्रज कलावंताने २००१ साली ‘केप फेअरवेल’ नावाचा उपक्रम सुरू केला, आणि २००३ साली ‘नॉर्डरलिश्ट’ या दोन डोलकाठ्यांच्या जहाजातून कलावंत व शास्त्रज्ञ यांना एकत्रच या बेटांकडे नेले. हे जहाज १९१० साली दीपनौका म्हणून बांधलेले. इतरांना वाट दाखविण्यासाठी एका जागी नांगरून राहणे हा त्याचा मूळचा धर्म. पुढे २००९ पासून ‘आर्क्टिक सर्कल’ नावाचा दुसरा उपक्रम निघाला. त्यात तीन डोलकाठ्यांच्या ‘अँटिग्वा’ जहाजावर दोन-अडीच आठवडे निरनिराळ्या देशांचे कलावंत एकत्र राहतात.

तेथील दिनक्रम ऐकण्यासारखा आहे. जहाज एखाद्या खाडीत नांगर टाकते, रबरी होड्यांतून मंडळी किनाऱ्यावर उतरतात, आणि आधी बंदूकधारी वाटाडे पहाऱ्याला उभे राहतात. कारण ही भूमी पांढऱ्या अस्वलांची आहे. त्यांनी आखून दिलेल्या हद्दीबाहेर कोणी एकट्याने पाऊल टाकावयाचे नाही. ज्याला निर्जनाचे ध्यान करावयाचे, त्याने ते पहाऱ्यात बसून करावयाचे! पाण्याचे रंग कागदावर गोठतात, छायाचित्रयंत्राची विद्युत्घटे थंडीने लवकर निकामी होतात, आणि सूर्य मावळत नसल्याने निजण्याची वेळ घड्याळाला विचारावी लागते. स्वतःच्या घरी कलावंत आपल्या साधनांचा स्वामी असतो. येथे त्याला वाऱ्याची, बर्फाची आणि कप्तानाची मर्जी सांभाळावी लागते.

या सहवासातून जे निघते ते नेहमीच उदात्त असते असे नाही. २००५ च्या मार्चमध्ये ‘नॉर्डरलिश्ट’ गोठलेल्या खाडीत बर्फात रुतवून ठेविली होती. त्या वेळी कादंबरीकार इअन मॅक्यूअन तेथे होते. बूट व जाड कपडे ठेवण्याची जी खोली होती, तीत दिवसेंदिवस गोंधळ माजत गेला. कोणाचे बूट कोण घालून गेले, याचा पत्ता लागेना. पृथ्वीचे रक्षण कसे करावे याची चर्चा करणाऱ्या सज्जनांना एक बुटांची खोली नीट राखता येऊ नये, यातील मर्म मॅक्यूअन यांनी अचूक टिपले, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘सोलर’ या कादंबरीत त्याचा विनोदी उपयोग केला. त्याच सफरीत शिल्पकार रेचेल व्हाइटरीड होत्या. त्यांनी त्याच वर्षी लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात १४,००० पांढऱ्या, अर्धपारदर्शक ठोकळ्यांचे डोंगर रचले. दिवंगत आईचे घर आवरताना हाती आलेली एक जुनी पेटी आणि ध्रुवप्रदेशातील शुभ्र राशी, या दोहोंची त्यात गाठ पडली होती.

परंतु या उपक्रमावर एक आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाही. बर्फ वितळतो तो मुख्यतः कोळसा व तेल जाळल्यामुळे. मग तो वितळताना पाहावयास विमानाने जावे, वारा पडला की तेलावर चालणारे यंत्र लावून जहाज हाकावे, ही विसंगती नव्हे काय? शिवाय मोजमाप करावयास शास्त्रज्ञ आहेतच. याच बेटांवर न्यू-ऑलेसुंड येथे हिंदुस्थानचे ‘हिमाद्री’ हे संशोधनकेंद्र २००८ पासून आहे, आणि त्याचा कारभार गोव्यात वास्को येथे असलेली ध्रुवीय व सागरी संशोधनसंस्था पाहते. १९७९ पासून ध्रुवप्रदेश उर्वरित पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, हे आकड्यांनी सिद्ध झाले आहे. त्यात कवी अथवा चित्रकार कोणती भर घालणार?

या आक्षेपाला उत्तर एका कलावंताच्या कृतीत सापडते. २००४ च्या सफरीत अलेक्स हार्टली यांना मागे हटणाऱ्या हिमनदीच्या तोंडाशी एक लहानसे बेट आढळले. बर्फाखालून नुकतीच उघडी पडलेली ती भूमी नकाशात नव्हती, आणि तिच्यावर पहिले मानवी पाऊल त्यांचे पडले. शास्त्राच्या दृष्टीने ही एक नोंद झाली. हार्टली यांना मात्र प्रश्न पडला की, या भूमीचा धनी कोण? २०११ साली नॉर्वेच्या परवानगीने त्यांनी त्या बेटाचे काही दगडमाती जहाजावर चढविले, कोणाचीच सत्ता नसलेल्या समुद्रात नेले आणि तेथे त्यास स्वतंत्र राष्ट्र म्हणून घोषित केले. २०१२ च्या उन्हाळ्यात हे तरते राष्ट्र इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत बंदरोबंदरी ओढत नेण्यात आले. २३,००० हून अधिक लोकांनी त्याचे नागरिकत्व घेतले, आणि यात्रा संपल्यावर त्या बेटाचे तुकडे नागरिकांना वाटून देण्यात आले. जी भूमी तापलेल्या हवेने उघडी पाडली, तिचा खडा घरातील फळीवर आला, म्हणजे दूरच्या हिमनदीची वार्ता परकी राहत नाही. आकडा किती ते सांगतो. कोणाचे ते सांगण्याचे काम कलेकडे येते.

म्हणून तरत्या कलानिवासाची परीक्षा तेथे काढलेल्या सुंदर छायाचित्रांवरून करता येणार नाही. सुंदर छायाचित्रे पुष्कळजण आणतात, आणि ती लवकर विसरलीही जातात. साक्षीदाराने साक्ष देण्यासाठी प्रवासाचा खर्च घेतला असेल, तर ती साक्ष त्या मोलाची उतरली पाहिजे. जाळलेल्या तेलाचे ऋण फेडण्याचा कलावंतापाशी दुसरा मार्ग नाही. आणि ती साक्ष तत्काळ उमटतेच असेही नाही.

हॉजेसचे एक प्रसिद्ध चित्र आहे. दक्षिणेच्या हिमसागरात सुमारे चार महिने जमीन न पाहता भटकल्यावर ‘रेझोल्यूशन’ न्यूझीलंडच्या डस्की खाडीत विसावले, तेथील घनदाट हिरव्या अरण्याचे ते चित्र. एकविसाव्या शतकाच्या आरंभी क्षकिरणांनी त्याची तपासणी झाली, तेव्हा त्या हिरव्या रंगाखाली दुसरेच चित्र असल्याचे उघड झाले. त्यात समुद्रात उभे असलेले हिमनग होते. दक्षिण ध्रुवप्रदेशाचे ते बहुधा पहिलेच तैलचित्र. तरुण चित्रकाराने पाहिलेला बर्फ त्याच्याच हाताने झाकला गेला, आणि सव्वादोनशे वर्षांनी, खरे हिमनग झिजू लागले असता, तो पुन्हा जगासमोर आला.