सबमिट दाबलं आणि फॉर्म पुन्हा कोरा: अर्ज वाटेत कुठे सांडतो?

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर.

मोबाइलवर लांबलचक फॉर्म भरलात. नाव, मार्क, उत्पन्न, सगळं. सबमिट दाबलं. चक्र फिरलं आणि तोच फॉर्म पुन्हा समोर, पूर्ण कोरा. लाल अक्षरात सूचना नाही, काही नाही. आपण म्हणतो, 'नेट गेलं वाटतं.' बऱ्याचदा नेट बिचारं ठीक असतं. गडबड सर्व्हरवरच्या एका ओळीत असते.

मागच्या वर्षी असाच एक फॉर्म माझ्याकडे बघायला आला. एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचा प्रवेश अर्ज. ऑफिसमधल्या ताई म्हणाल्या, "दरवर्षी शेवटच्या आठवड्यात अर्जांचा पाऊस पडतो, यंदा शुकशुकाट. पालकांचे फोन मात्र येतायत, की फॉर्म जातच नाही." फॉर्म बनवणारा मुलगा म्हणाला, "दादा, माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतो." दोघंही खरं बोलत होते.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्राउझर सर्व्हरशी मुख्यतः दोन प्रकारे बोलतो. गेट म्हणजे 'हे पान दे'. पोस्ट म्हणजे 'ही माहिती घे'. आता अपाचे नावाच्या सर्व्हरमध्ये मॉड रीराइट हा भाग असतो. आलेला पत्ता बदलून दुसरीकडे वळवणं, हे त्याचं काम. आणि हे तो दोन वेगळ्या पद्धतींनी करतो. इथेच सगळी गोम आहे.

समजा तुम्ही तहसील कचेरीत तीन नंबरच्या खिडकीवर अर्ज दिला. पहिली पद्धत: शिपाईच तो आतल्या आत पाच नंबरच्या टेबलावर नेऊन ठेवतो. तुम्हाला कळतही नाही. हे अंतर्गत रीराइट, यात अर्ज सुखरूप. दुसरी पद्धत: खिडकीतून आवाज येतो, "इथे नाही, पाच नंबरला जा." हा रीडायरेक्ट. आणि ब्राउझर काय करतो? अर्ज तीन नंबरवरच टाकून रिकाम्या हाताने पाचला जातो आणि म्हणतो, "एक कोरा फॉर्म द्या." म्हणजे पोस्टचा गेट झाला.

हे आजचं नाही. १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजातच नोंद आहे की ३०२ आल्यावर काही ब्राउझर पोस्टचा चुकून गेट करतात. पुढे ती सवयच पडली. मग १९९९ मध्ये ३०७ हा कोड आला आणि २०१५ मध्ये ३०८ मानकात गेला. या दोघांचा अर्थ स्पष्ट आहे: नवीन पत्त्यावर जा, पण अर्ज हातात घेऊन जा. ३०१ आणि ३०२ मध्ये मात्र ती खात्री नाही.

आमच्या केसमध्ये नियम असा होता की डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून कोणी आलं, तर ३०१ देऊन त्याशिवायच्या पत्त्यावर पाठव. नियम चांगलाच आहे. पण फॉर्मच्या ॲक्शनमध्ये पूर्ण पत्ता लिहिलेला, तोही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट. लॅपटॉपवर हा नियमच नव्हता, म्हणून तिथे सगळं चालत होतं.

ॲक्सेस लॉग उघडला तर जोड्याच जोड्या. पोस्ट ३०१, लगेच खाली गेट २००. २०० म्हणजे सर्व्हरच्या मते सगळं छान! त्यामुळे एरर लॉगमध्ये काहीच नाही. आणि ॲक्सेस लॉगमध्ये पत्ता, वेळ, आयपी असतो. फॉर्ममध्ये भरलेलं काही नसतं. किती वेळा सबमिट दाबलं गेलं ते मोजता आलं, पण नावं परत आणता आली नाहीत. संस्थेने मुदत वाढवली, ज्या पालकांनी फोन केले होते त्यांना उलट फोन केले. ज्यांनी फोनच केला नाही, त्या मुली कोण, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

तुमच्या फॉर्मला असं झालं तर हे करा:

एक. लॅपटॉपवर डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क उघडा, प्रिझर्व्ह लॉग चालू करा, मग सबमिट दाबा. पोस्टसमोर ३०१ किंवा ३०२ आणि खाली लगेच गेट दिसला, की चोर सापडला.

दोन. कोड हाताशी नसेल तर मोबाइलवर सबमिटच्या आधी आणि नंतर पूर्ण पत्ता बघा. शेवटी तिरकी रेघ वाढली? एचटीटीपीचं एचटीटीपीएस झालं? ॲक्शनमध्ये फोल्डरचं नाव असेल आणि शेवटची रेघ नसेल, तर अपाचे स्वतःहून ३०१ देतो. रीराइट नियमात दुसऱ्या होस्टचा पूर्ण पत्ता लिहिला, तर आर फ्लॅग नसला तरी रीडायरेक्टच होतो, आणि तो ३०२.

तीन. खरा उपाय म्हणजे ॲक्शनमधला पत्ता दुरुस्त करा. शक्यतो डोमेन लिहूच नका, नुसता मार्ग द्या. जुनी ॲप किंवा जुनी पानं तिथे पोस्ट करत असतील तर ३०८ वापरा. पण लक्षात ठेवा, एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर ३०८ दिला, तरी पहिल्या फेरीत माहिती उघडीच गेलेली असते. आधार नंबर असेल तर ते चालणार नाही.

चार. अर्ज नीट साठवल्यावर ३०३ देऊन पोचपावतीच्या पानावर पाठवा. इथे पोस्टचा गेट व्हायलाच हवा, म्हणजे रिफ्रेश केल्यावर अर्ज दोनदा जात नाही. आणि त्या पानावर अर्ज क्रमांक दाखवा.

फॉर्म भरणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एकच गोष्ट. अर्ज क्रमांक दिसला नाही, तर अर्ज गेला नाही असंच धरा. स्क्रीनशॉट काढा आणि ऑफिसला फोन करा. तुमचा फोन हा कधीकधी त्यांच्याकडे पोचणारा एकमेव एरर मेसेज असतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर आपापले फॉर्म एकदा तपासून घ्या!