मोबाइल, मूल आणि शिक्षक
(प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेले व्याख्यान)



शहापूर-मुरबाडचा शेतकरी भाताच्या खाचराला बांध घालतो, तो पाणी नको म्हणून नव्हे, तर पाणी हवे म्हणून. बांध नसेल तर लावलेले रोप वाहून जाते. पाणी मुळीच येऊ दिले नाही तर ते वाळून जाते. मोबाइलचा प्रश्नही ‘हवा की नको’ असा नसून ‘किती, केव्हा व कशासाठी’ असा आहे.

या तालुक्यांत मोबाइल हे केवळ करमणुकीचे साधन नव्हे. पावसाळा सरल्यावर वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांचा आवाज आजीजवळ राहिलेल्या मुलाला त्यातूनच ऐकू येतो. शिवाय मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा मुलाच्या अभ्यासासाठी मोबाइल द्यावा असे शाळांनीच घरोघर सांगितले होते. आता तो मुलाच्या हातून सुटत नाही म्हणून सारा दोष पालकांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

यंत्राचा सदुपयोग याच तालुक्यात झालेला आहे. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक संदीप गुंड यांनी संगणक व पडद्याच्या साहाय्याने अध्यापनाची रीत बसवली आणि ती पाहण्यासाठी अन्य जिल्ह्यांतील शिक्षकही तेथे येऊन गेले. वर्गातील पडदा सर्वांचा असतो, शिक्षक जवळ उभा असतो आणि पाठ संपला की तो बंद होतो. रात्री गोधडीत शिरून एकट्याने पाहिलेल्या पडद्याला यांपैकी एकही मर्यादा नसते.

पुस्तकाला शेवटचे पान असते, खेळाला दमणूक असते. समाजमाध्यमांना शेवट नसतो, आणि तो नसावा अशीच त्यांची योजना असते. एकामागून एक मजकूर आपोआप पुढे येत राहण्याची युक्ती २००६ साली आझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने काढली. तिच्या परिणामांबद्दल पुढे त्यानेच जाहीर खेद व्यक्त केला. या माध्यमांची मिळकत मुख्यतः जाहिरातींवर चालते. पाहणारा जितका वेळ खिळून राहील तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखवता येतात. म्हणून मूल कोठे थांबले याची नोंद होते आणि तशाच चित्रफिती त्याच्यापुढे वाढल्या जातात. नऊ वर्षांचे मूल या योजनेपुढे हरले, तर त्यास हट्टी म्हणून भागणार नाही.

बहुतेक समाजमाध्यमांच्या स्वतःच्या नियमांनुसार १३ वर्षांखालील मुलास खाते उघडता येत नाही. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून ही मर्यादा कायद्याने १६ वर्षांवर नेली. परंतु आपल्याकडील मूल बहुधा आईच्या अथवा मोठ्या भावाच्या मोबाइलवर पाहते. तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही. घरची रीतच पोहोचते.

महाराष्ट्रातील दोन गावांनी २०२२ साली या बाबतीत दोन निरनिराळे मार्ग धरले. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी गावच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलची बंदी करणारा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. तो वाजला की लहानथोरांनी मोबाइल व दूरदर्शनसंच बंद करावेत, मुलांनी अभ्यासास बसावे आणि ८॥ वाजता पुन्हा भोंगा होईपर्यंत तसेच चालावे, असे ठरले. प्रथम काहींनी ही गोष्ट हसण्यावारी नेली. तेव्हा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन समजावले.

दोन्ही गावांची तळमळ सारखीच खरी होती. तथापि एक भेद शिक्षकाने ध्यानी घ्यावा. पहिला नियम मुलांपुरता होता, दुसरा बापालाही लागू होता. बाप ओटीवर चित्रफिती पाहत बसला असता आत मुलाने पाढे म्हणावेत, ही अपेक्षा कोणत्याही ठरावाने पुरी होत नाही. वडिलधारे जे पाळतात तेच मूल पाळते.

म्हणून शाळेने पालकसभेत तीनच गोष्टी मागाव्यात. सायंकाळचा एक तास सर्व घराने मोबाइल बाजूस ठेवावा. जेवताना तो कोणाच्याही हाती नसावा. रात्री तो मुलाच्या अंथरुणापासून दूर, ठरलेल्या जागी असावा. ज्या घरी एकच मोबाइल आहे व तो बापाबरोबर कामावर जातो, त्या घरच्या मुलाचा गृहपाठ शाळेने फळ्यावरच द्यावा. जे वडीलधारे अशिक्षित आहेत त्यांनीही संकोच करू नये. मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या प्रयत्नाने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि वृद्ध स्त्रिया पाटी घेऊन बसल्या. ज्या वयात अक्षर शिकता येते, त्या वयात ‘बाळ, हे काय पाहतोस, मलाही दाखव’ असे नातवास विचारणे अवघड नाही. त्या एका प्रश्नाने मुलाचे एकटे पाहणे संपते.

काळाचा अपव्यय ही एक हानी झाली. दुसरी तिच्याहून भयंकर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्या काळी अशा अफवा मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. आलेला संदेश पुढे धाडण्यापूर्वी ‘हे कोणी सांगितले, केव्हाचे आहे, त्याला कसे कळले’ हे तीन प्रश्न विचारण्याची सवय चौथीच्या मुलालाही लावता येते. भाषेच्या तासाला एखादा संदेश फळ्यावर लिहून वर्गाने तो तपासावा. ज्या मुलास हे साधले त्याचे शिक्षण मोठ्या परीक्षेस उतरले म्हणावयाचे.

अखेरची गोष्ट शिक्षकाच्या स्वतःच्या खिशातील मोबाइलची. माहिती मागवणारे संदेश तासाच्या वेळीही येतात, आणि त्यांची उत्तरे द्यावी लागतात, हे खरे आहे. तरीही तास चालू असताना मोबाइल कपाटात असावा व उत्तरे मधल्या सुट्टीत जावीत. निकडीने तो उघडावाच लागला, तर ‘मुलांनो, कचेरीची माहिती पाठवायची आहे, दोन मिनिटांत ठेवतो’ असे मोठ्याने सांगून उघडावा आणि सांगितल्याप्रमाणे ठेवावा. चाळीस डोळे त्या दोन मिनिटांकडे पाहत असतात. तीन मिनिटे झाली तर तेही त्यांच्या ध्यानी राहते.

खाचराचा बांध एकदा घालून भागत नाही. खेकडे त्याला भोके पाडतात, पाऊस तो खचवतो, आणि शेतकरी दर वर्षी फावडे घेऊन पुन्हा उभा राहतो. हे कामही त्याच जातीचे आहे.