बासून : एक वाद्य, दोन कंठ

बासून हें पाश्चात्य वाद्यवृंदांतील मंद्र स्वराचें लांकडी वाद्य. आपल्या सनईप्रमाणें तेंही दोन पात्यांच्या कंपनानें बोलतें. त्याची नळी सुमारें ८ फूट लांब असून ती दुमडून हातीं धरण्याजोगी केलेली असते.

मोझार्टनें १७७४ सालीं बासूनसाठीं कन्सर्टो रचला, तेव्हां फ्रेंच व जर्मन हा आजचा भेद नव्हता. पुढें कार्ल अल्मेनरेडर यानें छिद्रांच्या जागा व चाव्यांची रचना सुधारली. त्याचा सहकारी योहान आडाम हेकेल याच्या बीब्रिख येथील कारखान्यांत ही सुधारणा पूर्णत्वास गेली. हा जर्मन बासून मेपलच्या लांकडाचा. स्वर गोल, भरदार आणि सर्वत्र एकसारखा. फ्रेंच कारागिरांनीं मात्र जुनी घडण राखून चाव्या वाढविल्या. शिसवीच्या जातीच्या लांकडाचें हें वाद्य तार सप्तकांत सहज चढतें. त्याचा नाद किंचित् सानुनासिक, मानवी कंठासारखा. परंतु प्रत्येक स्वर वादकास ओठांनीं सांवरावा लागतो.

१९१३ सालीं पॅरिसमध्यें स्ट्राविन्स्कीच्या ‘वसंतविधि’ या नृत्यनाट्याचा आरंभ फ्रेंच बासूनच्या एकाकी, उंच सुरावटीनें झाला. सें-सान्सनें १९२१ मध्यें, आयुष्याच्या अखेरच्या वर्षीं, लिहिलेला सोनाटाही याच कंठासाठीं होता.

स्वराची शाश्वती पाहून वाद्यवृंदांनीं जर्मन बासून पत्करला. आज फ्रान्समध्येंही फ्रेंच बासूनचे वादक थोडे उरले आहेत. लिहिलेले स्वर तेच राहिले. पण ज्या कंठासाठीं ते लिहिले, तो दुर्मिळ झाला. रसिकांनीं ती सुरावट दोन्ही वाद्यांवर ऐकावी. सोयीसाठीं काय गमावलें, हें कानांनाच कळेल.