लेकरू कुणापाशी ठेवावे?



माहूरला मातृतीर्थ आहे. रेणुकेच्या दर्शनाला आलेला माणूस तिथे जाऊन आईच्या नावाने हात जोडतो. आज मी त्याच गडाच्या परिसरात राहणाऱ्या, एकटीने संसार ओढणाऱ्या आईविषयी बोलणार आहे. नवरा वारला असेल, नाहीतर सोडून गेला असेल. मिळवणारी तीच आणि सांभाळणारीही तीच. सकाळी भाकरी बांधून रोजाला निघताना तिच्यापुढे एकच प्रश्न असतो : ‘लेकरू कुणापाशी ठेवू?’

कुणी सांगते, ‘बाई, अर्धाच रोज कर. अंगणवाडी सुटायच्या आत घरी ये.’ कुणी म्हणते, ‘शेजारणीला चार पैसे दे आणि दिवसभर कामाला जा.’ दोघींचेही बरोबर वाटते. म्हणून आपण हिशेबच मांडू या. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. तुम्ही तुमच्या गावचे घाला.

समजा, पूर्ण रोज 300 रुपये, अर्धा रोज 150. जाण्यायेण्याचे भाडे 30. अर्ध्या दिवसाचे हाती उरले 120. पूर्ण दिवस केला, भाडे दिले आणि शेजारणीला 100 दिले, तर उरले 170. म्हणजे दुपारभर राबून पदरात जादा पडले 50 रुपये. महिन्याचे 25 दिवस धरले, तर 1250. एवढ्यासाठी लेकराला दुपारभर दूर ठेवायचे का? याचे उत्तर त्या आईनेच द्यावे. कुणाच्या घरी 1250 रुपयांत महिन्याचा किराणा येतो, तर कुणाचे लेकरू आजारी, आईवाचून न राहणारे असते. तिने काहीही ठरवले, तरी गावाने तिला नावे ठेवू नयेत.

पण पुष्कळ घरांत तिसराच मार्ग निघतो. थोरल्या पोरीला शाळेतून घरी ठेवतात. पैसा एकही लागत नाही, म्हणून तो स्वस्त वाटतो. गुरुजनहो, तुम्ही आपला हजेरीपट उघडून पाहा. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणत्या मुली गैरहजर असतात? धाकट्याला सांभाळण्याची किंमत त्या आपल्या शिक्षणाने चुकवतात. ही किंमत हिशेबात कुणी लिहीत नाही, आणि खरी महाग तीच आहे.

हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ओळखले होते. ताराबाईंनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच ठिकाणी चालवली. धाकटे पाळण्यात राहिले, म्हणजे थोरली वर्गात बसू लागली. किती साधी गोष्ट!

मग आपल्या वाडीत काय करता येईल? पाच आयांनी एकत्र यावे. प्रत्येकीने रोजचे 60 रुपये काढले, की 300 झाले. तेवढ्यात त्यांच्याच विश्वासातल्या एका बाईला पूर्ण रोज मिळतो आणि पाच लेकरे तिच्याजवळ राहतात. आता कामाला जाणाऱ्या आईच्या हाती 210 उरतात. अर्ध्या रोजापेक्षा 90 जास्त, महिन्याला 2250. शिवाय थोरली शाळेत जाते ती वेगळीच.

ही कल्पना नवी नाही. 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात लिहिले होते, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली, तर एका बाईला ती सांभाळण्यास नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. मुले सांभाळणे हेही कामच आहे, हे कायद्याने मान्य केले होते. आपण घरात ते केव्हा मानणार?

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. 2022 पासून ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढता येते. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची तिथे सोय असते. आपल्या गावासाठी ते मागता येईल का, हे अंगणवाडीताईंना विचारा आणि विषय ग्रामसभेत काढा. आई किंवा बाप यांपैकी एकच उरलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. अर्ज लिहायला शिक्षकांनी मदत केली, तर त्या माउलीचा एक रोज वाचेल.

धाकटे लेकरू दोन-तीन वर्षांत शाळेत जाऊ लागेल आणि आईची ओढाताण कमी होईल. पण थोरलीची तीच दोन-तीन वर्षे गेली, तर ती पुन्हा येत नाहीत. म्हणून अर्धा रोज की पूर्ण, हे तुम्ही खुशाल ठरवा. फक्त पोरीचे दप्तर खुंटीला टांगू नका.